बोनटवरच्या गोल रेषा

महानगर, लखनऊ
२ मार्च २०२५

ती. सत्यजितदादास,
सा. न. वि. वि.

फोनवर हे नीट सांगून होत नाही, म्हणून लिहिते आहे. यशोधन गेल्यापासून त्यांची गाडी फाटकाशी तशीच उभी आहे. वर कडुनिंबाचा पाला, कबुतरांची घाण. मला चालवता येत नाही. सुरुची कानपूरहून शनिवारी-रविवारी येते आणि म्हणते, "मम्मा, बेच देते हैं." इथून जवळच्या बख्शी का तालाब गावचे एक गृहस्थ तेवीस तारखेला गाडी न्यायला येणार आहेत. त्याआधी ती मला माझ्या हातांनी धुवायची आहे. तुझा तर हा दर रविवारचा छंद. नवशिक्याने काय काय घ्यावं? दुकानदार पॉलिशचं मशीनही गळ्यात मारतो आहे.

हे गाडीसाठी चाललंय, की तिच्याजवळ अजून थोडं थांबता यावं म्हणून, ते मला नक्की सांगता येत नाही.

वहिनींना नमस्कार. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी शर्मिष्ठा


अमरावती
८ मार्च

चि. शर्मिष्ठास,
अनेक आशीर्वाद.

भांडी घासायची पाळी आली की पोट दुखायचं तुझं, आणि आता गाडी धुणार म्हणतेस! धू, जरूर धू. दोन बादल्या घे: एक शाम्पूची, दुसरी हातमोजा खळबळून काढायची. गाडीचाच शाम्पू, भांड्यांचा साबण नको. मायक्रोफायबरचा हातमोजा, दोन मोठे टॉवेल, चाकांना वेगळा ब्रश. मशीन मुळीच नको, नवख्या हाताने रंग जळतो.

आधी नुसत्या पाण्याने धूळ सोडव, मग वरून खाली ये. शेवटी नीट पुसून टाक. मग बोनटवर टॉर्च धर. बारीक गोल रेषा दिसतील, त्या कोरड्या फडक्याच्या. हाताने पॉलिश केलंस तरी बऱ्याचशा जातील.

जेवणाची आबाळ करू नकोस. आमची आठवण असू दे.
तुझा दादा


लखनऊ
१४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सामान आणलं, पॉलिशची बाटलीही. पण तुझं 'पुसून टाक' वाचलं आणि थांबले. तेराव्याला ओळखीतल्या दोघी माझी टिकली पुसायला पुढे आल्या होत्या. सुरुची मध्ये उभी राहिली. म्हणाली, "मम्मा का कुछ नहीं पोंछना है." तुझ्या मनात तसं काही नव्हतं, मला ठाऊक आहे. तरी तो शब्द ओलांडता येईना.

मग नुसतं पाणी ओतून टॉर्च धरली. बोनटभर रेषा, गोलात गोल. ऑफिसला निघण्याआधी ते जुन्या बनियनने गाडी पुसायचे, चहा निवून जायचा. दादा, त्यांचा हात तिथे फिरताना दिसतो. तो मी पॉलिशने घालवू? की ओरखड्यांना माणूस समजण्याइतकी मी खुळावले आहे?

रागावू नकोस, लोभ ठेव.
शर्मिष्ठा


अमरावती
१८ मार्च

चि. शर्मिष्ठास,
आशीर्वाद.

शब्द माझा चुकला, आणि कामही चुकीचं सांगितलं. गाडी पुसायची नसतेच. ओला टॉवेल पिळून पसरायचा, तळव्यांनी हलके दाबायचा, पाणी टिपून घ्यायचं.

पॉलिशने रंगावरचा थर झिजतो. गेलेली रेष परत येत नाही. ते करावं की नाही, हे मी सांगणार नाही. खुळी मात्र तू नाहीस.

तुझ्या काळजीतला,
दादा


लखनऊ
२४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गाडी काल गेली. शनिवारी सुरुचीने दुसरी बादली धरली. पाणी टिपताना मी तिला टॉर्च लावून रेषा दाखवल्या. ती बराच वेळ वाकून पाहत राहिली. मग म्हणाली, "मम्मा, पापा उलटा घुमाते थे." खरंच, डावखुऱ्या माणसाचे गोल होते ते. इतक्या वर्षांत मी कधी पाहिलं नव्हतं. गाडी ठेवून घेऊ या का, असंही तिने विचारलं. मीच नको म्हटलं. उभ्या उभ्या गंजली असती.

ते गृहस्थ भले आहेत. बोनटवरून बोट फिरवून म्हणाले, "पॉलिश करवा लेंगे, भाभीजी, नई हो जाएगी." मी हो म्हटलं.

एव्हाना ते झालंही असेल. माझ्या हातून झालं नाही, एवढंच.

तुम्हा दोघांची माया लागते, असू दे.
तुझी शर्मिष्ठा