मडम हसली आणि भाव पडला

मुक्काम अमरावती, माघ वद्य पंचमी, शके १७८६. (संवत्सराचं नाव गुरवाला विचारलं, तर तो म्हणाला, "बाईले संवत्सर कायले पाह्यजे?" म्हणून ती जागा रिकामी सोडली आहे.)

तीर्थरूप दादा यांच्या पायांवर धाकटी बहीण मनकर्णा दुरून डोकं ठेवते. मी इकडे बरी आहे. तुमची कंबर कशी आहे? वच्छलावहिनीचा खोकला थांबला का? तांबडी गाय व्याली असेल, तर गोऱ्हा झाला की कालवड, ते कळवा. हे पत्र कुळकर्णी वामनराव तुम्हाला वाचून दाखवतील, म्हणून त्यांनाही नमस्कार. (वामनराव, माझं अक्षर बाळबोध आहे आणि तुम्हाला सवय मोडीची. सावकाश वाचा. मागच्या खेपेला तुम्ही मधला मजकूर गाळून स्वतःचा घातलात, असं वहिनीनं कळवलं होतं. मी कधीच कुणाकडे लुगडं मागितलं नव्हतं.)

चंद्रभान बंडीवाला परवा तुमचा कापूस घेऊन इथल्या पेठेत आला, तेव्हा त्यानं तुमचे दोन निरोप सांगितले. पहिला असा की पाद्र्याचं घर सोड, होळीच्या आत तेल्हाऱ्याला ये, भाऊबंद नावं ठेवतात. दुसरा त्यानं बैलांना पाणी पाजता पाजता, माझ्याकडे न बघता सांगितला. कापसाला भाव असा आहे की औंदा दादा वावराच्या पूर्वेच्या बांधाचा धुरा फोडणार, त्यावरचं हिवराचं झाड तोडणार आणि थेट नाल्यापर्यंत पेरणार. पूर्वेच्या धुऱ्यावर हिवराखाली काय आहे, ते तुम्हाला सांगायला नको. (वामनराव, तुम्ही गावात नवे, म्हणून तुमच्यासाठी: तिथे माझी जमुना आहे. चार वर्षांची होती. तापानं गेली.) या दुसऱ्या निरोपाचं उत्तर शेवटी लिहिते. आधी पहिल्याचं, कारण ते सोपं आहे.

तुम्हाला भीती की मी बाटेन. दादा, तुम्ही साहेबाला पाहिलं नाही. पाद्री विटन साहेब म्हणजे साडेसहा फूट उंचीचा, भला, आणि कोणत्याही दारात डोकं आपटणारा माणूस. रोज सकाळी त्यांची गाय व्हरांड्यात येऊन बसते आणि साहेब तिला पुस्तकी मराठीत विनंती करतात की बाई, आपण बाहेर जावं. गाय उठत नाही. शेवटी मी येते आणि एक शब्द बोलते (तो इथे लिहीत नाही) आणि गाय जाते. ज्या माणसाला गाय दाराबाहेर काढता येत नाही, तो मला धर्माबाहेर काय काढणार? चार वर्षांत त्यांनी एकच माणूस ख्रिस्ती केला. तो त्यांचा खानसामा, आणि तो मुंबईहून येतानाच ख्रिस्ती होता. माझी चूल वेगळी, माझं पाणी वेगळं. उलट तेच आपल्यात येऊन राहिले आहेत. त्यांची पाच वर्षांची हन्ना, जिला मी सांभाळते, ती चमच्याकडे बघत नाही, ठेचा-भाकर मागते. साहेबाच्या मडमनं तर परवा लेकीची दृष्ट काढली, मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. साहेब संध्याकाळपर्यंत शिंकत होते आणि विचारत होते की घरात कोणता रोग आला.

माझं वाचणं तेवढं त्यांच्यामुळे, हे कबूल. तेही त्यांनी शिकवलं म्हणून नाही. साहेब बाजारात छापील कागद फुकट वाटतात आणि किराणेवाले त्यांच्या पुड्या बांधतात. मी जिऱ्याच्या पुड्यांवर अक्षरं लावायला शिकले. मला पुष्कळ गोष्टींचा मधला भाग ठाऊक आहे. एक माणूस समुद्रात माशाच्या पोटात गेला, एवढं मला माहीत आहे. पुढचा कागद हळदीला गेला होता, तो पिवळा झाला, वाचता आला नाही.

दादा, या दिवसांतली अमरावती तुम्ही पाहिली नाही. पेठेत कापसाच्या गंज्या लागल्या आहेत आणि बाया चरखीवर सरकी काढायला बसल्या की सगळ्या गावावर रुई तरंगते. ती खाली पडत नाही. दुपारी वारा थांबला की हवेतच उभी राहते, जशी काही कुठे निघाली होती ते विसरली आहे. दुधावर येते, पापण्यांवर येते, साहेबाच्या दाढीत मुक्काम करते. मडम पेटी वाजवते तेव्हा सूरसुद्धा त्या रुईतून गाळून आल्यासारखा मऊ ऐकू येतो. अशा दुपारी मी भिंतीला पाठ लावून बसते. डोळा लागतो न लागतो, तोच लेकराची हाक येते आणि मी "आली वं माय" म्हणत उठते. समोर हन्ना असते, केस रुईसारखेच पांढरे. क्षणभर कळत नाही मी कुणाच्या घरी आहे, कोणत्या वर्षात आहे. मग ती म्हणते, "मले भूक लागली," आणि वर्ष कळतं.

आता चंद्रभाननं तुम्हाला सांगितलेल्या गर्दीबद्दल. रविवारी साहेबाच्या अंगणात पागोट्यांची गर्दी असते, सगळं गाव बाटून राहिलं, असं तो म्हणाला ना? गर्दी खरी आहे. ती कापसाच्या दलालांची आहे. त्याचं असं झालं. आपल्या कापसाला हा भाव आला, कारण अमेरिका म्हणून समुद्रापलीकडे देश आहे, तिथे चार वर्षं भाऊ भावाशी लढतो आहे आणि तिकडचा कापूस बंद आहे. साहेब आणि मडम त्याच देशाचे. मडमचे दोन सख्खे भाऊ त्या लढाईत आहेत. म्हणजे ज्या लढाईनं आपल्या पाटलाच्या बैलांच्या शिंगांना चांदी लागली, त्या लढाईच्या बातमीची वाट बघत ही बाई खिडकीत उभी असते. हे दलालांना कळलं. मुंबईची तार खोटं बोलते, बाईचा चेहरा खोटं बोलत नाही, असं नत्थुजी दलालाचं म्हणणं. तो एका रविवारी येऊन मागे बसला, मडमचे डोळे लाल दिसले, म्हणजे लढाई जोरात, म्हणून त्यानं कापूस घेतला. भाव चढला. पुढच्या रविवारी दहा दलाल आले. त्याच्या पुढच्या रविवारी सतरंज्या पुरेनात.

साहेबांना वाटलं, देवानं अखेर ऐकलं. त्यांनी घरी पत्र लिहिलं की इथले व्यापारी पहिल्या ओळीसाठी भांडतात. (ते खरंच भांडत. पहिल्या ओळीतून मडमचे डोळे नीट दिसतात.) मला त्यांचा आनंद मोडवेना. नत्थुजी मात्र मला विहिरीवर गाठायचा. "मनकर्णाबाई, मडमनं आज जेवन केलं काय?" मी म्हटलं, "तुमच्या घरच्या बाईनं केलं का, ते कधी पाह्यलं?" तो म्हणाला, "तिच्या जेवनानं भाव हालत नाही न." पायलीभर डाळ देतो म्हणाला. मी ती घेतली नाही. (तुरीची होती. हे वहिनीला सांगा, म्हणजे मी किती सोडलं ते तिला कळेल.)

एकदा साहेबांनी प्रार्थनेत म्हटलं की हे देवा, आमच्या देशातली लढाई थांबू दे. मग आमेन म्हणायला थांबले. सगळ्या दलालांनी ओठ मिटून घेतले होते. मागून एक म्हातारा हळूच म्हणाला, "देवा, इतक्यात नको." साहेबांनी नंतर मला विचारलं, हे लोक याच प्रार्थनेला का बोलत नाहीत? मी म्हटलं, लाजतात.

हे हसण्यासारखं आहे, पण मडम हसत नव्हती. गेल्या श्रावणात तिचं तान्हं गेलं. अंगणाच्या कोपऱ्यात लिंबाखाली त्याला ठेवलं आहे, वर एक दगड आहे, त्यावर नाव कोरलं आहे. ती रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसते, मीही बसते. तिला आपली भाषा थोडी येते, मला तिची येत नाही, पण त्या वेळेला बोलायला फारसं लागत नाही. दलालांना वाटायचं, ती लढाईसाठी रडते. लेकरासाठी रडलेलं पाणी आणि भावासाठी रडलेलं पाणी त्यांना कसं ओळखू येणार? तिच्या बाळाच्या दुःखावर अर्ध्या वऱ्हाडानं कापूस विकत घेतला, दादा.

मग गेला रविवार. ऊन कोवळं होतं, रुई उतरत होती, साहेब डोळे मिटून प्रार्थना करत होते आणि ती संपत नव्हती. दलाल मडमकडे बघत होते, मडम कुठेच बघत नव्हती. मला वाटत होतं की आम्ही सगळे पाण्याखाली बसलो आहोत आणि वरून कुणीतरी हळूहळू पिसं सोडतं आहे. तेवढ्यात हन्ना उठली, बापाचा सदरा ओढला आणि अंगणभर ऐकू जाईल असं म्हणाली, "बाबा, देवाले समजलं. आता भाकर खाऊ द्या."

मडम हसली. श्रावणानंतर पहिल्यांदा. आधी तिनं तोंडावर हात धरला, मग दाराची चौकट धरली, मग पायरीवर बसून हसली. अंगणात अशी शांतता झाली की चरख्यांचा आवाज पेठेतून ऐकू आला. मग नत्थुजी उठला. पागोटं काखेत मारलं आणि पळाला. मागोमाग सगळे. ज्याच्या पायात जो जोडा आला तो घेऊन गेला. एक दलाल दोन डावे जोडे घालून पळाला, त्यांचे उजवे अजून आमच्याकडे आहेत. साहेबांनी डोळे उघडले तेव्हा सतरंजीवर मी, खानसामा आणि गाय. साहेब म्हणाले, "मंडळी कुठे गेली?" हन्ना म्हणाली, "पयाले." त्यावर मडम पुन्हा हसली आणि हसता हसता रडली. पेठेत बोभाटा झाला की लढाई मिटली, पाद्र्याची मडम नाचून राहिली. दिवस मावळायच्या आत भाव असा पडला की नत्थुजीच्या घरी चूल पेटली नाही.

संध्याकाळी लिंबाखाली मडमनं मला विचारलं, "आज मी हसले. बाळ रागावलं असेल?" मी म्हटलं, लेकरं रागवत नाहीत, त्यांना कुणी हसलेलं आवडतं. हे मला कुणी सांगितलेलं नाही. मी बोलले आणि बोलल्यावर मलाच ऐकू आलं. मग तिनं विचारलं, तुझं लेकरू कुठे आहे? मी म्हटलं, दादाच्या वावरात, धुऱ्यावर, हिवराखाली. दगड नाही, नाव नाही. तिनं विचारलं, फुलं कोण वाहतं? मी म्हटलं, हिवरच वाहतो, पावसाळा सरता सरता सगळा फुलतो आणि खाली सांडत राहतो. तिनं बाळाच्या दगडावर बसलेली रुई हातानं पुसली. मग म्हणाली, मला तो बघायचा आहे. आम्ही दोघी अंधार होईपर्यंत तिथेच बसलो आणि मला तो हिवर तिथेच दिसत होता, लिंबाच्या आतून उगवल्यासारखा.

तर दादा, तुमच्या दुसऱ्या निरोपाचं उत्तर असं. तुम्ही व्यवहाराचा माणूस, मीही व्यवहाराचंच लिहिते. कापूस पडला आहे. अमरावतीची सगळी पेठ म्हणते की लढाई संपली. अशा वेळी शहाण्या माणसानं धुरा फोडण्यात नांगर आणि बैल झिजवू नयेत. हिवर तोडायला माणसं लागतील, मुळं निघणार नाहीत, आणि पिकलेल्या कापसाला कुणी विचारणार नाही. पूर्वेचा धुरा आहे तसा राहू द्या, त्यात तुमचाच फायदा आहे. वहिनीला नमस्कार, लेकरांच्या डोक्यावरून हात फिरवा. अधिक काय लिहू, दूर असलेल्या बहिणीवर लोभ असू द्यावा.

तुमची
मनकर्णा

ता. क. होळीला मी येत नाही. मडमला अजून संध्याकाळी एकटं बसवत नाही. भाऊबंदांना सांगा की मनकर्णा बाटली नाही, गाय हाकलते.

दुसरा ता. क. (वामनराव, हे दादा एकटे असताना वाचा, आणि यातला एकही शब्द गाळू नका.) दादा, वर लिहिलेलं व्यवहाराचं सगळं फोल आहे. भाव सोमवारी दुपारीच परत चढला. टपाल आलं, त्यात मडमच्या धाकट्या भावाला गोळी लागल्याचं होतं. ती पायरीवर येऊन रडली, आणि नत्थुजी फाटकात उभा होता. आज भाव आधीपेक्षा जास्त आहे. तुम्ही धुरा फोडलात तर तुम्हाला चांगला पैसा मिळेल, हे खरं आहे. मला वाटलं, तुम्हाला घाबरवून हिवर वाचवावा. लिहून झालं आणि बरं वाटलं नाही. म्हणून आता साधं मागते. त्या जागेत कापूस होईल, तरीही पेरू नका. तिथली माती तुम्हीच तुमच्या हातांनी काढली होती, मला कुणी जवळ येऊ दिलं नव्हतं. जमुना नेमकी कुठे आहे, हे या जगात तुम्हालाच ठाऊक आहे.

तिसरा ता. क. पत्र पोचायच्या आत नांगर फिरला असेल, तर तुम्हाला बोल लावणार नाही. पेरा. पण वेचणीला मला बोलवा. त्या कोपऱ्यातल्या ओळी मी वेचीन, दुसऱ्या कुणाचा हात लावू देऊ नका.