भिंतीवरच्या कागदातलं पहिलं नाव

लाडक्या आईला,
दिल्वाकडून दोन्ही गालांवर पापे.

मी फेराराला सुखरूप पोचले. रोज भोपळा भरलेले काप्पेलाच्ची हाणते, तेव्हा माझी काळजी नको. तू गोळ्या वेळेवर घेतेस ना?

तू सांगितलंस तशी शहराच्या जुन्या तटबंदीवरून सायकल फिरवली. खरं सांगू? मावशीचं दार वाजवून तुझा निरोप द्यायचा धीर होईना, म्हणून चार दिवस नुसती फिरतच राहिले. बुधवारी तिच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन माघारी वळले.

आज मात्र गेले. गल्लीतल्या दगडगोट्यांवर सायकल चालेना, म्हणून उतरून चालत निघाले. कोपऱ्यावरचा सायकलवाला इव्हानो ओरडला, "अगं ए, चाकात हवा तरी आहे का? थांब, तू इओलेची पोरगी! नाक तेच."

मी हसले. तो हसला नाही. त्याने समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

आई, आधी खाली बस. माणूस गेल्याचे कागद लावतात, त्या भिंतीवर नीवेस मावशीचं नाव होतं. गुरुवारी पहाटे गेली. बुधवारी मी वळले नसते तर तुझा निरोप तिला मिळाला असता. यासाठी तू मला हवं ते बोल.

पण त्या कागदावर शोक करणाऱ्यांत पहिलं नाव तुझं आहे: ‘बहीण इओले’. मजकूर मावशीनेच आधी इव्हानोकडून लिहून घेतला होता. तो म्हणाला, "मी तिला म्हटलं, अगं, तीस वर्षं ती तुझ्याशी बोलत नाही! तर मलाच दटावलं, ‘रडेल तर तीच रडेल. लिही.’"

तुझ्या वाटची इथे उभी असलेली,
दिल्वा