मिठाच्या साबणाचं माप

आई, आज सकाळी तुझ्याच मापाने मिठाचा साबण केला. याआधी तीनदा फसला होता. साच्यात ओतून जरा दुसऱ्या कामाला लागावं, तर त्याचा दगड झालेला. कापायला तार ओढली की भुगा. मीठ निम्म्यावर आणलं, खोबरेल तेल गार होऊ दिलं, काही उपयोग झाला नाही. या वयात हा उपद्व्याप कशाला, असं घरचे विचारतात. त्यांना काय सांगू?

नव्वद साल उलटून गेलं होतं. मिरजेपासून तासाभरावरचं आपलं गाव, बोअरचं खारं पाणी. दुकानातला साबण त्यात फेस धरत नसे, तुझा धरायचा. बायका दारात येऊन म्हणायच्या, "आवं काकी, वड्या हायत का?" मिरजेच्या सतार करणाऱ्यांकडून आणलेल्या तारेने तू वड्या पाडायचीस. त्या रविवारी तुला ताप होता. साबण ओतून तू आडवी झालीस आणि मला म्हणालीस, "कडंची चकाकी गेली की तार घाल. कोमट हाय तवरच कापायचा. जरा बी थांबू नगं." मी हो म्हणाले आणि शेजारी टीव्हीवर सिनेमा लागला होता तिकडे गेले. एक गाणं बघून येते म्हणता म्हणता अर्धा सिनेमा झाला. परत आले तर तार रुतेना. जोर केला तेव्हा सगळा साबण फुटला.

तू उठून आलीस. एक तुकडा बोटांत चुरून बघतेस आणि विचारतेस, "येळेवर कापलास न्हवं?" मी म्हणते, "व्हय. मीठच जास्त पडलं असंल." तू चिडली असतीस तर फार बरं झालं असतं. तू नुसतं म्हणालीस, "माझ्या हाताचा आता भरवसा न्हाई गं." तराजू पुसून फळीवर ठेवलास. पुढे बायका येत राहिल्या, तू त्यांना परत पाठवत राहिलीस. तुझं ते एकच काम होतं ज्यासाठी लोक तुला विचारत यायचे, आणि ते मी घालवलं. इतक्या वर्षांत तर मीठ जास्त झालं होतं हे मलाही खरं वाटायला लागलं होतं.

आज मीठ तुझ्या मापाने पुरं घेतलं आणि तार हातात धरून साच्यापुढून हलले नाही. अर्ध्या तासात कडांची चकाकी गेली. खरवस कापावा तसा साबण कापला गेला, एकही वडी फुटली नाही. मग मी तिथेच ओट्याला टेकून रडले. साबण जमला, आणि माझ्याकडे आता कसलीच सबब उरली नाही.

हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकणार? तुझ्या तराजूच्या पारड्यात ठेवते. मिरजेच्या दवाखान्यात, कायमची जायच्या आदल्या दिवशी, तू पुन्हा विचारलं होतंस, "मीठ खरंच जास्त झालं व्हतं का गं?" मी तेव्हाही व्हय म्हणाले. मीठ बरोबर होतं, आई.