हिरव्या माणसांची रीत

आई, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमागच्या अंगणात मेथी निवडताना तू मला हिरव्या माणसांबद्दल सांगायचीस. ती झाडांत राहतात. मुलगी जन्मली की तिला एक झाड मिळतं आणि जन्मभर तेच तिचं. त्यांच्यात राजा नसतो. सगळ्यांत जुन्या झाडातली बाई सांगेल तो न्याय. लग्न म्हणजे दोन झाडांची मुळं जमिनीखाली एकमेकांना भेटणं. त्याला कित्येक वर्षं लागतात आणि तोवर कुणी घाई करत नाही. खोटं बोललं की पानं गळतात. मी विचारायचे, "आणि सावली सोडून बाहेर गेली तर?" तू देठ खुडत म्हणायचीस, "वाळते." मला ते लोक इतके खरे वाटायचे, की शेजारच्या पंजाबी काकू कडुलिंबाला दोरी बांधून कपडे वाळत घालायच्या तेव्हा मी मनातल्या मनात आतल्या बाईची माफी मागायचे.

बॉटनी घेतलं तेही त्यांच्यामुळेच. देहरादूनला झाडांवर संशोधन करायची जागा मिळाली त्या दिवशी मी धावत घरी आले. बाबा म्हणाले, "अच्छा! पण आधी आईला विचार." तू पोळ्या लाटते आहेस. मागे वळून बघत नाहीस. "वाळशील," एवढंच म्हणतेस. मी हसते, कारण मला वाटतं तू थट्टा करते आहेस. मग तू गॅस बंद करतेस, कणीक तशीच उघडी टाकून आत जातेस आणि भिंतीकडे तोंड करून पडतेस. जेवत नाहीस. दुसऱ्या दिवशीही नाही. एका रात्रीच्या बसचं अंतर होतं, आई. मी गेले नाही. बँकेत लागले.

पुढे धाकटा भाऊ कॅनडाला निघाला, तेव्हा तू त्याच्या बॅगेत चकल्यांचा डबा बसवत होतीस. मी विचारलं, "हा नाही का वाळणार?"

"त्यांच्यात मुलग्यांना झाड नसतं."

"हा नियम आधी नव्हता."

"होता. तू कधी विचारलं नव्हतंस."

तुझं एकही पान गळलं नाही.

शेवटी तू याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, द्वारकेच्या फ्लॅटमध्ये माझ्याकडे होतीस. धाकट्याचा फोन रविवारी यायचा आणि आठवडाभर तुझ्या तोंडी तोच असायचा. अंघोळ मी घालायचे. एका दुपारी मी तुझे केस विंचरत होते, आणि तू एकदम म्हणालीस, "मला भीती वाटायची गं. हे सदा फिरतीवर, धाकटा शाळेत. बाजारात मला धड हिंदीही येत नव्हती. तू गेली असतीस तर मी कुणाशी बोलले असते?"

मी विंचरत राहिले. तेव्हा बोलले नाही, आता बोलते. एवढंच त्या दिवशी म्हणाली असतीस, तर मी थांबले असते. रडले असते, चिडले असते, पण थांबले असते, आणि ते थांबणं माझं असतं. तू मागितलं नाहीस. माझ्या लहानपणातलं जे सगळ्यांत सुंदर होतं, त्याचंच दावं वळलंस आणि माझ्या गळ्यात घातलंस.

हे पाठवायला पत्ता नाही आणि लपवायचीही गरज नाही, कारण या घरात माझ्याशिवाय मराठी वाचणारं कुणी नाही. नवरा, मुलगा, ऑफिस, माझा सगळा दिवस हिंदीत जातो. पण खरं सांगते, राग मला अजून मराठीतच येतो, आणि तो आला की बोलायला तूच लागतेस.