माणसाला निवांत राहू देण्याबाबत

मी, इर्या सावेला, वय एकोणऐंशी, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त, राहणार लेपाला, काइस्ला तळ्याचा पूर्व किनारा, आज शनिवारी दुपारी एक वाजता, पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या इच्छेने हे मृत्युपत्र लिहिते. 'स्वखुशीने' असं लिहायची पद्धत आहे. पण खुशीचं खातं आमच्या घरात माझ्या मुलीकडे, सिर्पाकडे असल्यामुळे मी तो शब्द वापरत नाही. मंगळवारी शहरातल्या इस्पितळात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. घाबरायचं कारण नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं नसताना म्हणाले, म्हणजे थोडं असावं.

वकिलाकडच्या बाईंनी फोनवर बजावलं आहे की खाडाखोड करायची नाही. मत बदललं तर पुढच्या कलमात तसं लिहायचं. त्यामुळे एकदा लिहिलेलं इथे राहील, शहाणपणाचं असो वा नसो. दोन साक्षीदार एकाच वेळी हजर लागतात. मात्र आतला मजकूर त्यांना दाखवायची सक्ती नाही. ते दोन वाजता येतील. तोवर सोपी कलमं उरकते.

कलम १. २००९ साली दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर लिहिलेलं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मी माझ्या नवऱ्यावर, ओलावीवर, चिडून लिहिलं होतं. त्याला काहीही मिळू नये अशी त्यात तरतूद होती. पुढच्याच वर्षी तो गेला आणि माझा सगळा राग वाया गेला.

कलम २. राहतं घर, त्याखालची जमीन आणि बँकेत जे काही निघेल ते सिर्पा आणि माझा मुलगा यार्को या दोघांना निम्मं निम्मं. कायद्यानेही त्यांना बरंच मिळालं असतं, पण मी देते आहे असं त्यांना वाटावं.

कलम ३. गालिचे विणायचा माग मला कारीना ओयालाला ठेवायचा होता. पण कारीना आज साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. म्हणून माग आत्तापासूनच तिचा. ती तो नेईल तेव्हा खाली धूळ सापडेल. त्यावर तिने गावात काही बोलू नये.

कलम ४. ओलावीच्या कुऱ्हाडी, करवती आणि मासेमारीची जाळी यार्कोला. बर्फात भोक पाडायचा गिरमिट ओलावीच्या चुलतभावाने १९९८ साली 'दोन दिवसांसाठी' नेला. तो त्याने माझ्या अंत्यविधीला घेऊन यावा. आणला नाही तर त्याला कॉफी देऊ नये.

कलम ५. किनाऱ्यावरची सौना, म्हणजे आमचं लाकडावर तापवायचं वाफेचं न्हाणीघर. इथे गाडी अडते.

कुठलीशी जागतिक पाहणी होते आणि त्यात आमचा देश दरवर्षी सर्वांत सुखी निघतो. त्यात आमचा काही दोष नाही. पण त्यामुळे सिर्पाने नोकरी सोडली आणि परदेशी लोकांना सुखी कसं व्हावं ते शिकवायला लागली. तीन दिवसांचा वर्ग, जेवणासकट. पाहुण्यांना ती माझ्या सौनात बसवते, तळ्यात बुडवते, जंगलात नेऊन गप्प उभं करते. गेल्या उन्हाळ्यात मलाही त्यांच्यासमोर बसवलं. एका गृहस्थाने माझ्या सुखाचं रहस्य विचारलं. मी म्हटलं, "वाळकी लाकडं." त्याने ते लिहून घेतलं. सिर्पा स्वयंपाकघरात येऊन माझ्यावर ओरडली, "आई, जरा तरी सहकार्य कर ना! लोक एवढ्या लांबून येतात!" मी म्हटलं, "ओली लाकडं घेऊन बसव त्यांना, म्हणजे कळेल." दोघीही हसलो नाही.

सिर्पाला ही सौना तिच्या वर्गांसाठी हवी आहे. यार्कोला ती कोणाच्याही पाऊलखुणांशिवाय हवी आहे. त्यावरून दोघं भावंडं दीड वर्ष बोलत नाहीत. मी दोघांचंही ऐकून घेतलं आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. आमच्याकडे याला समजूतदारपणा म्हणतात.

दोन वाजले. साक्षीदार आले. बूट दाराशी काढून दोघं टेबलाशी बसले आहेत. कारीना ओयाला माझी शाळेपासूनची मैत्रीण. पेन्टी हार्तिक्का चाळीस वर्षं या भागातल्या रस्त्यांवरचा बर्फ काढायची गाडी चालवायचा. मी त्यांना कॉफी आणि दालचिनीचे पाव दिले आणि थोडं लिहायचं उरलंय म्हणून सांगितलं. पेन्टीने चौथा पाव उचलला आहे, तेव्हा त्याला घाई नसावी.

कलम ६. यार्कोबाबत. कागदाची गिरणी बंद पडली, मग बायको गेली, आणि नोव्हेंबरात तो तळ्याच्या पलीकडच्या आमच्या उन्हाळी झोपडीत राहायला गेला. जाताना दारात म्हणाला, "आई, मला जरा निवांत राहू दे." मी म्हटलं, "राहा बाबा." माणसाने निवांतपणा मागितला तर तो द्यावा, तो आमच्याकडे पाव मागितल्यावर पाव देण्याइतका साधा शिष्टाचार आहे. पाच महिने झाले. मी गेले नाही. सिर्पालाही जाऊ दिलं नाही. फोन तो उचलत नाही. मी निरोप पाठवते, "सगळं ठीक?" आणि त्याचं उत्तर येतं, "ठीक."

दर शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास पलीकडे त्याच्या सौनाचा धूर दिसतो. मी या खिडकीतून ओलावीच्या दुर्बिणीने तो पाहते आणि मग माझा आठवडा पुरा होतो. गेल्या शनिवारी धूर नव्हता. शेवटचं 'ठीक' अकरा दिवसांपूर्वी आलं.

म्हणून मी असं बंधन घालते की, माझ्या मृत्यूनंतर सिर्पाने दर शनिवारी यार्कोच्या दारात जावं, तो नको म्हणाला तरी जावं, आणि आत जाऊन बसावं. हे बंधन ती पाळेल तोवरच सौना तिची.

तीन वाजून दहा मिनिटं झाली आहेत. पलीकडे आजही धूर नाही.

कारीना म्हणाली, "इर्या, तू लिहितेस कमी आणि खिडकीकडे बघतेस जास्त. काय आहे तिकडे?"

"काही नाही."

"तुझं 'काही नाही' मला सत्तर वर्षं ठाऊक आहे."

मी सांगितलं. पेन्टीने कप खाली ठेवला. "तो मोठा माणूस आहे," तो म्हणाला. "एखाद्या शनिवारी नसेल वाटलं आंघोळ करावी. उगाच दारात जाऊन उभं राहिलं तर अवघडल्यासारखं होईल त्याला."

"दोन शनिवार," मी म्हटलं.

"मग दोन शनिवार नसेल वाटलं. त्याने सांगितलंय ना तुला, निवांत राहू दे म्हणून?"

"सांगितलंय."

"मग झालं."

कारीनाने पेन्टीकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाली, "माझा तापानी बुडाला त्या वर्षी तू काय केलंस?"

तापानी तिचा मुलगा. मी म्हटलं, "तुला निवांत राहू दिलं."

"तू दर शुक्रवारी माझ्या पायरीवर गरम पाव ठेवायचीस आणि पळून जायचीस."

"तुला त्रास नको म्हणून."

"मी दाराआड उभी असायचे, इर्या. हात कडीवर ठेवून. म्हणायचे, आज हिने ठोठावलं तर मी उघडेन. तीन वर्षं. मग मला वाटलं, हिला माझं रडणं नकोय, पाव देऊन सुटका करून घेते आहे. त्या पावाचा एक घास मी खाल्ला नाही. कोंबड्यांना घातला."

मी त्या पावांचा अभिमान बाळगून होते. पेन्टी टेबलावरचे चुरे बोटाने गोळा करत राहिला. मग तो म्हणाला, "तळं ओलांडता येणार नाही. सध्याचा बर्फ माणसाखाली फुटेल आणि होडीपुढे फुटणार नाही. रस्त्याने वळसा घालून एकतीस किलोमीटर आहे." आणि उठून बूट घालायला गेला.

कलम ७. कलम ६ मधलं बंधन मी मागे घेते. जे काम मी आज दुपारी करू शकते ते मी मेल्यावर मुलीने करावं असं लिहीत होते. मी पाच महिने समजूतदार नव्हते. मी भीत होते. दार ठोठावलं आणि आतून काहीच आलं नाही तर काय, याला भीत होते, आणि त्या भीतीला शिष्टाचाराची टोपी घातली होती. कागद सोबत घेते. सही अजून केलेली नाही. पेन्टीने गाडी सुरू केली आहे.

कलम ८. हे मी झोपडीतल्या टेबलाशी बसून लिहिते आहे. साडेपाच वाजले आहेत. साक्षीदार दोघंही हजर आहेत.

वाटेत पेन्टीने गाडी अशी हाकली की दोनदा मागचं चाक खड्ड्यात गेलं. कारीनाने मागून माझा खांदा धरून ठेवला होता. मी मनात आकडे मोजत होते, शंभरपर्यंत जायचे आणि पुन्हा एकपासून. झोपडीच्या अंगणात बर्फावर माणसाच्या पावलाची एकही ताजी खूण नव्हती. कारीना म्हणाली, "मी पुढे होऊ?" मी म्हटलं, "नको, माझा आहे."

मी ठोठावलं. काही नाही. पुन्हा ठोठावलं. मग कडी दाबली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी होती. यार्को बाकावर बसला होता, अंगात कोट, दाढी वाढलेली, समोर थंडगार चूल. शेजारी फोडलेली लाकडं नीट रचून ठेवलेली, एकही जळालेलं नाही. मी चालत थेट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. त्याने माझ्या पायांकडे बघितलं.

"आई," तो म्हणाला, "बूट."

एकोणऐंशी वर्षांत मी कोणाच्या घरात बूट घालून गेले नव्हते. मी म्हटलं, "राहू देत. नंतर पुसते." आणि त्याच्या शेजारी बसले.

"तू येशील असं वाटलं नव्हतं."

"येऊ नको म्हणालास."

"हो. म्हणालो होतो."

मी विचारलं. असं काही आमच्याकडे कोणी कोणाला विचारत नाही. तसं मीही आडून विचारू शकले असते, की जेवलास का, औषधं घेतोस का. पण मी सरळ विचारलं, "यार्को, मरायचं ठरवलं होतंस का?"

दारात पेन्टीने टोपी काढून हातात धरली होती.

"गुरुवारी ठरवलं होतं," यार्को म्हणाला. "मग उठायलाच जमलं नाही."

"आणि आज?"

"आज तुम्ही तिघं इथे आहात."

मी त्याला जवळ घेतलं. तो सात वर्षांचा असताना घेतलं होतं त्यानंतर पहिल्यांदाच. तो आधी लाकडासारखा ताठ राहिला आणि मग राहिला नाही. मी रडले, आणि हे मी कायदेशीर कागदात लिहिते आहे, कारण ते खरं आहे.

कलम ९. पुढील व्यवस्था, मी जिवंत असतानाच लागू. पेन्टीने चूल पेटवली आहे. तो आज रात्री इथेच झोपणार म्हणतो, गाडीचं चाक दुखावल्याचं निमित्त सांगून. चाकाला काही झालेलं नाही हे सगळ्यांना माहीत आहे. कारीनाने आरोग्यकेंद्रात फोन लावला. तिथल्या नर्सबाई यार्कोशी दहा मिनिटं बोलल्या, आणि उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचं ठरलं आहे. मी सिर्पाला फोन केला आणि सगळं सांगितलं, काहीही न वगळता. ती एवढंच म्हणाली, "मी निघाले. त्याला सांग, मी काही बोलणार नाही. नाही, थांब, सांग की मी बोलणार आहे." ती दोनशे किलोमीटरवरून येते आहे. येत्या सोमवारचा वर्ग तिने रद्द केला.

मंगळवारी मला इस्पितळात यार्कोने न्यावं असं मी त्याला सांगितलं. त्याच्यासाठी नव्हे, मला भीती वाटते म्हणून. तो म्हणाला, "आधी कधी सांगितलं नाहीस." मी म्हटलं, "तू तरी कुठे सांगितलंस?"

कलम ५ मधली सौना मी आज कोणालाच ठेवत नाही. दोघांनी या टेबलाशी बसून ठरवावं, भांडून ठरवलं तरी चालेल. मात्र मनातल्या मनात ठरवू नये.

वरील नऊ कलमं माझ्या हातची आहेत, त्यातल्या चुकाही माझ्या आहेत, आणि त्या मी झाकलेल्या नाहीत.

सही: इर्या सावेला

आम्ही दोघं एकाच वेळी हजर होतो. लिहिणारी बाई पूर्ण शुद्धीत होती, तिच्यावर कोणाचं दडपण नव्हतं आणि तिने आमच्यादेखत सही केली.

साक्षीदार: कारीना ओयाला, निवृत्त टपाल कर्मचारी, लेपाला
साक्षीदार: पेन्टी हार्तिक्का, निवृत्त वाहनचालक, लेपाला

ठिकाण: काइस्ला तळ्याचा पश्चिम किनारा
दिनांक: १२ एप्रिल २०२५

टीप. वारसाला साक्षीदार होता येत नाही, त्यामुळे यार्कोची सही वर चालणार नाही. तरीही त्याने पेन मागितलं. कायद्याने या ओळीला काही किंमत नाही, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, नसू दे.

हजर आहे. यार्को सावेला.