लोणच्याच्या बरणीतले नालीचे पाणी

यवतमाळ, रविवार, सकाळ

चि. भैरवी हिस कमलाकर आतोबांचे अनेक आशीर्वाद.

तुझी प्रकृती उत्तम असेल आणि नागपूरच्या प्रयोगशाळेत तू वेळेवर जेवत असशील, असे गृहीत धरून पुढे लिहितो. माझे म्हणशील, तर रक्तदाब योग्य आहे, झोप पुरेशी होते आणि स्वयंपाक मला जमू लागला आहे (ही तिन्ही विधाने तुझ्या वडिलांना वाचून दाखवण्यासाठी आहेत). तुझी आत्या जाऊन सात महिने झाले. व्हरांड्यात दोन खुर्च्या असतात व मी अद्याप माझ्याच खुर्चीवर बसतो.

पत्रास कारण तुझे व्याख्यान. गेल्या महिन्यात येथील महाविद्यालयात तू सांडपाण्यातील जंतूंविषयी बोललीस, तेव्हा मी पहिल्या रांगेत वही घेऊन बसलो होतो. औषधांचे उरलेसुरले अंश, फिनाइल, कारखान्यांतून येणारे धातू हे सारे नालीत थोडेथोडे मिसळत राहिले, की जंतू सगळे मरत नाहीत. दुबळे तेवढे मरतात, चिवट उरतात, आणि उरलेले आपला चिवटपणा शेजारच्या जंतूंनाही देऊ शकतात, असे तू म्हणालीस. पुढे ते माणसाच्या अंगात शिरले, तर डॉक्टरांची औषधे त्यांच्यापुढे हात टेकतात. शेवटी कोणास शंका आहे काय, असे तू विचारलेस. मी मान खाली घालून वहीच्या समासावर रेघ ओढत राहिलो, हे तुझ्या लक्षात आले असेलच.

त्याचे असे आहे. तुझ्या आत्याचा गोळ्यांचा डबा तुला आठवत असेल. ताप उतरला की ती औषध थांबवी आणि उरलेल्या गोळ्या त्या पत्र्याच्या डब्यात टाकी. पुढे गल्लीत कोणी खोकले, कोणाचे पोट बिघडले, की डबा उघडे. (मी तीस वर्षे कार्यालय अधीक्षक होतो. अर्धवट फाइल मी कोणाच्या बापाची चालू दिली नाही. घरातले अर्धवट औषध मात्र मला कधी दिसले नाही.) ती गेल्यावर चौदाव्या दिवशी मी तो डबा रीतसर निकाली काढायचे ठरवले. कचऱ्यात टाकावा, तर गाय खाईल. म्हणून सर्व गोळ्या वेष्टनांतून काढल्या, गरम पाण्यात विरघळवल्या, काही जिवंत राहू नये म्हणून वरून अर्धी बाटली फिनाइल ओतले आणि ते मिश्रण मोरीतून नालीत सोडले. वर हातही जोडले. जे जे करू नये म्हणून तू पडद्यावर दाखवलेस, ते ते मी एका दुपारी क्रमवार पार पाडलेले होते.

आमच्या मोरीची नाली पुढे शेजारच्या मानीबाईच्या परड्यातून जाते. ती त्याच पाण्यावर पालक लावते आणि तुझी आत्या गेल्यापासून दर दोन दिवसांनी एक जुडी माझ्या फाटकाला अडकवून जाते. तुझ्या व्याख्यानानंतर ती जुडी मला खाववेना. परत करावी, तर कारण सांगावे लागते. अशा सात जुड्या साठल्यावर तिने फाटकातूनच विचारले, "काहून खात नाही साहेब? बाई होत्या तं मागून नेत होत्या." तिचे डोळे लाल होते. आठ दिवसांपासून ताप आहे, म्हणाली. तुझ्या आत्याचेही असेच, साध्या तापाने सुरू झाले होते.

दुसऱ्याच दिवशी नालीचे पाणी तुझ्याकडे तपासणीस आणावयाचे ठरवले. घरात घट्ट झाकणाचे भांडे एकच होते, लिंबाच्या लोणच्याची चिनी मातीची बरणी. ती मी उकळत्या पाण्याने धुतली व स्वच्छतेत कसूर नको म्हणून वरून फिनाइलने विसळली. (थांब, अजून हसू नकोस.) पाणी भरले, तोंडाला पांढरे फडके बांधले आणि नागपूरच्या एस.टी.त बरणी मांडीवर घेऊन बसलो. वाहकाने बरणीत काय आहे, ते विचारले. मी खरे ते सांगितले. त्याने यंत्रातून तिकीट काढून माझ्या हातात दिले. मग म्हणाला, "काका, नागपूरले नाल्या नाहीत काय?" पुढच्या खड्ड्यात झाकण हलले आणि माझ्या विधानाची सत्यता सर्व प्रवाशांस एकाच वेळी पटली. कळंबला मी आपण होऊन उतरलो (वाहकाने दार अगोदरच उघडून ठेवले होते).

कळंबच्या स्थानकात बाकावर बसल्यावर माझ्या ध्यानी आले, की ज्या बरणीत जंतू आणायचे, ती मी फिनाइलने धुतली आहे. म्हणजे तुला मिळाले असते, ते फक्त चिवट. तितक्यात शेजारी एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पांढऱ्या फडक्याच्या बरणीकडे पाहिले, चप्पल काढून बरणीला नमस्कार केला आणि हळूच विचारले, "घरच्याच होत्या काय?" भैरवी, मी आयुष्यात खोटे बोललेलो नाही. मी हो म्हणालो. ते माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. त्यांची बस आली, ती त्यांनी सोडली. सात महिन्यांत मी पहिल्यांदा रडलो, ते नालीच्या पाण्याची बरणी उराशी धरून.

परत आलो, तो मानीबाईला डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि तिने उरलेल्या गोळ्या पदराच्या गाठीत बांधल्या. मी आवाज चढवला. ती शांतपणे म्हणाली, "बाईनंच तं शिकवलं मले." तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ मी तिच्या दारात पाण्याचा पेला घेऊन उभा राहिलो आणि गोळी गिळल्यावर तोंड उघडून दाखवावयास लावले. गल्ली हसली. परवा सातवा दिवस संपला. ती बरी आहे.

तुझ्या वडिलांस नमस्कार सांग. पुढच्या वेळी येशील, तेव्हा नाली स्वतःच पाहा. बरणी मी आता आणणार नाही.

तुझा,
कमलाकर आतोबा

ता. क. पालक खावा किंवा कसे, ते कळव. मानीबाईस काय सांगावे, तेही तूच ठरव. मी सांगितलेले तिला पटणार नाही.

ता. क. दुसरा. डब्यातील सर्व गोळ्या नालीत सोडल्या, असे वर लिहिले आहे. ते खरे नाही. तळाशी कागदाची एक पुडी होती. तिच्यात शेवटच्या आजारपणातल्या पाच गोळ्या आहेत. मार्गशीर्षात मला खोकला झाला होता, तेव्हा तिने स्वतःच्या औषधातून त्या बाजूला ठेवल्या असाव्यात. पुडीवर तिच्या अक्षरात लिहिले आहे : यांच्यासाठी. त्या गोळ्या कोठे टाकाव्यात, हे मी विचारत नाही. त्या तिने घेतल्या असत्या तर, एवढेच विचारतो. उत्तर पत्रानेच दे. फोनवर माझा आवाज ऐकलास, तर तू खोटे बोलशील.