मिसेस बीटन यांच्या विहिरीचा दाखला

ग्लेनडू, केप ब्रेटन
६ ऑक्टोबर

प्रिय एफी,

तू बरी असशील, मीही बरा आहे. कॅलगरीत बर्फ पडूनही गेलं असं रेडिओवर ऐकलं. इथं अजून पानंच पडतायत, आणि सगळी माझ्याच पन्हळीत. दोन वर्षांत तुला ख्रिसमसच्या कार्डापलीकडे काही लिहिलं नाही, त्यामुळे हात अवघडलाय. अक्षर सांभाळून घे.

कारण तसं काही खास नाही. आपल्या आईच्या थडग्याचा दगड कलला होता. मी आणि शेजारचा हेक्टर, दोघांनी पहार लावून सरळ केला. हेक्टरने चर्चच्या आवारात अशा शिव्या घातल्या की आई असती तर त्याचं तोंड साबणाने धुतलं असतं. तुला कळवायला हवं, असं वाटलं.

धंदा चालू आहे. तुला ऐकायला आवडणार नाही, पण घरतपासणीपेक्षा आता 'विहिरीला औषध' हेच जास्त चालतं. घर विकायचं तर बँकेला पाण्याचा दाखला लागतो, आणि इथल्या निम्म्या विहिरींत जंतू. मीच घर तपासतो, मीच बाटली भरून प्रयोगशाळेला देतो, जंतू निघाले की मीच ब्लीच ओततो आणि मीच पुन्हा बाटली भरतो. "परीक्षाही तूच घेणार आणि शिकवणीही तूच लावणार," असं तू म्हणाली होतीस. असेल. लोकांना एकाच माणसाकडे काम झालेलं बरं पडतं. आता त्यावरून पुन्हा वाद नको.

एकट्याने करायचं म्हणजे दमायला मात्र होतं. तू होतीस तेव्हा मी विहिरीपाशी आणि तू घरात नळापाशी असायचीस. ब्लीचचा वास नळाला आला की खिडकीतून ओरडायचीस, "आला रे, बास कर!" आता मीच विहिरीकडून घरात आणि घरातून विहिरीकडे करतो. दुसऱ्या दिवशी वास जाईपर्यंत सगळं पाणी बाहेर सोडायचं, तेव्हा तर पाय ओढत घरी येतो. जेवायचाही कंटाळा येतो.

गेल्या महिन्यात मिसेस बीटन यांची विहीर केली. हो, आपल्या शाळेची बस चालवायच्या त्याच. चौऱ्याऐंशीच्या झाल्यात, जिना चढवत नाही, म्हणून घर विकायला काढलंय. टोरोंटोकडचं एक तरुण जोडपं घेतंय, चार महिन्यांची मुलगी आहे त्यांना. सौदा तीस तारखेला. वृद्धाश्रमात त्यांच्या जुन्या मैत्रिणीच्या, कॅसीच्या, शेजारची खोली महिनाअखेरपर्यंत मिसेस बीटनसाठी राखून ठेवली आहे. कॅसीची आठवण आता भराभर चाललीय. मिसेस बीटन मला म्हणाल्या, "ती मला ओळखते तोवर पोचायचंय रे मला तिथं. नंतर जाऊन काय करू, खिडकीतून गाड्या मोजू?"

पहिल्या तपासणीत जंतू निघाले. मी औषध टाकलं, आठवड्याने पुन्हा बाटली दिली, पाणी स्वच्छ आलं. या महिन्याच्या तीन तारखेला दाखला दिला. त्यांनी डबाभर ओटकेक दिले आणि शाळेत असताना मला बसमध्ये उलटी झाली होती, तो किस्सा बँकेच्या बाईसमोर सांगितला.

एवढंच. उत्तर लिहिलंच पाहिजेस असं नाही.

रॉडी


२२ ऑक्टोबर

प्रिय एफी,

तुझं कार्ड मिळालं. 'दगड सरळ केल्याबद्दल आभार' एवढंच लिहिलं होतंस, पण ते मी खिडकीत ठेवलंय. लिहायला जागा बरीच होती, तू भरली नाहीस. हरकत नाही.

आज मला झोपावं असं वाटतं आणि पडलो की उठावंसं वाटतं, म्हणून लिहीत बसलोय. दुपारची वेळ आहे. काम होतं एक, ते रद्द केलं.

परवा मिसेस बीटन यांनी खोकी उचलायला बोलावलं होतं. कॉफी झाली. मग म्हणाल्या, "रॉडी, तुला यंत्रांतलं कळतं, हे जरा बघ." आणि काळा पोशाख पुढे केला. त्या प्रत्येक अंत्यविधीला घालतात तो. आईच्या वेळीही तोच होता. त्यावर छातीपासून खालपर्यंत गंजासारखे नारिंगी डाग. "धुण्याचं यंत्र म्हातारं झालंय माझ्यासारखं. तू दाखला आणून दिलास ना, त्याच दिवशी धुतला होता, कॅसीला भेटायला जायचं म्हणून."

एफी, यंत्राला काही झालेलं नाही. ते डाग ब्लीचचे आहेत, तू लांबूनही ओळखले असतेस. दाखला दिला त्या दिवशी विहीर ब्लीचने भरलेली होती. मग त्याच्याही आधी भरलेल्या बाटलीत जंतू कुठून दिसणार? त्या दाखल्यावरून पाण्याबद्दल काहीच कळत नाही. ब्लीच उतरलं की जंतू परत आले असतील, आणि पुढच्या आठवड्यात त्याच पाण्यात त्या बाळाचं दूध कालवतील.

मी विचारलं, "मिसेस बीटन, औषध टाकलं त्या दिवशी मी तुम्हाला नळाशी उभं केलं होतं. तुम्हाला वास आला होता ना?"

त्यांनी पोशाखाची घडी घातली. मग म्हणाल्या, "मला पाच वर्षं चहाचाही वास येत नाही रे."

"मग हो का म्हणालात?"

"दोनदा नाहीच म्हटलं होतं की! तू दोन्ही वेळा जाऊन आणखी ओतून आलास. तिसऱ्यांदा आलास तेव्हा तोंड केवढंसं झालं होतं तुझं. म्हटलं, बिचाऱ्याला घरी जाऊ दे. आणि दुसऱ्या दिवशी 'गेला का' विचारलंस, तेव्हा गेला म्हटलं. मला काय, आला काय आणि गेला काय!" आणि मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "पण तू स्वतः का नाही घेतलास वास?"

मी खोकी उचलली आणि निघून आलो.

आता तूही तेच विचारशील, म्हणून लिहून टाकतो. मला वास येत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तो ताप आला होता ना, तेव्हापासून काहीच नाही. कांदा नाही, डिझेल नाही, समुद्र नाही. वाटलं येईल परत. आला नाही. कागदाच्या पट्ट्या असतात तपासायला, त्या मी वापरायचो. पण तो डबा ट्रकमध्ये भिजला आणि पट्ट्यांना रंगच चढेनासा झाला. नवा डबा आणायचा राहिला, राहिला म्हणता म्हणता उन्हाळा गेला. घरमालकालाच विचारायचं, "तुम्हीच सांगा बरं वास आला का." लोकांना वाटतं, आपल्याला कामात घेतलं, तर खूश होतात.

आणि एक आहे. मॅकफी घेत होते त्या घराच्या तळघरात तू मला विचारलं होतंस, तेलाचा वास येतोय ना? मी म्हटलं, नाही. घर तापवायच्या तेलाची टाकी फुटलेली होती, तू डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकत होतीस आणि मी छातीठोकपणे नाही म्हणत होतो. तुला वाटलं, विकणाऱ्याशी माझं संगनमत आहे. जिन्यावरच तू मला लबाड म्हणालीस, आठवड्यात सामान बांधलंस आणि कॅलगरीला तुझ्या मुलाकडे गेलीस.

मी बोललो नाही. घर तपासणाऱ्याला वास येत नाही म्हणजे त्याने उद्यापासून घरी बसायचं. ते तुला सांगण्यापेक्षा लबाड म्हणवून घेणं मला सोपं गेलं. औषधाच्या धंद्यावरून आपण भांडलो असं मी सगळ्या गावाला सांगत आलोय. कधी कधी मलाही ते खरं वाटतं.

आता सांगायला गेलो तर सौदा मोडेल, खोली जाईल. नाही सांगितलं तर कुणाला कळणारही नाही, पोशाखाला यंत्र जबाबदार आहेच. एफी, मी फार दमलोय.

रॉडी


९ नोव्हेंबर

प्रिय एफी,

तुझे तीन फोन आले, मी उचलले नाहीत. निरोप ऐकला. "उचल गाढवा, दोन वर्षं मी तुझ्या नावाने बोटं मोडतेय ती काय उगाच?" यावर बोलायचा धीर होईना, म्हणून लिहितो.

तुला पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सांगून आलो. आधी मिसेस बीटन यांना, मग बँकेला, मग त्या जोडप्याला. दुसऱ्या तपासनिसाला बोलावून बाटली भरून घेतली. जंतू निघाले, पहिल्यापेक्षा जास्त. विहिरीच्या वरच्या कड्याला तडा आहे आणि त्यातून गुरांच्या कुरणाचं पाणी आत झिरपतं. तीनदा त्या झाकणाशी वाकलो होतो मी, बघितला नाही.  बाळाची आई बाळाला घट्ट धरून उभी होती. विहीर दुरुस्त झाली तर वसंतात बघू, असं म्हणून जोडपं परत गेलं.

वास गेल्यापासून ज्या ज्या घरांना मी पाणी शुद्ध म्हणून लिहून दिलं, त्या सगळ्यांना फोन करतोय. रोज चार-पाच होतात. कुणी समजून घेतं, कुणी वकिलाचं नाव सांगतं. एक जण म्हणाला, "मग आम्ही इतके दिवस काय प्यायलो?" मी म्हटलं, मला माहीत नाही. पाटी उतरवली. मॅकफी यांच्याकडेही जाऊन आलो. टाकी त्यांनी तू गेल्यावर लगेच बदलली होती, तुझ्या सांगण्यावरून. मला कुणी कळवलं नाही, बरोबरच आहे.

कॅसीच्या शेजारची खोली गेली. एक तारखेला कुणी गृहस्थ आले तिथं राहायला. आता पुढची कधी रिकामी होईल ते आश्रमवालेही मोठ्याने बोलत नाहीत, खोल्या कशा रिकाम्या होतात ते सगळ्यांना माहीत आहे. मी दर रविवारी मिसेस बीटन यांना तिकडे नेतो. तडा बुजवायचं काम मी करतो म्हटलं, त्या म्हणाल्या, "तू नको." पण गाडीत बसतात.

काल गेलो होतो. कॅसी खुर्चीत बसली होती, केस छान विंचरलेले. मिसेस बीटन वाकून म्हणाल्या, "कोण आलंय सांग बघू?" कॅसीने हसून हात पुढे केला आणि म्हणाली, "या, बसा. तुम्ही लांबून आलात का?"

"नाही हो," मिसेस बीटन म्हणाल्या, "इथूनच, जवळूनच." आणि तासभर बसून पाहुण्यांसारख्या हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मी दाराशी उभा होतो. एफी, गेल्या महिन्यात ती त्यांना नावाने हाक मारत होती.

परत निघालो. पूल ओलांडल्यावर म्हणाल्या, "तू सांगितलंस ते बरोबर केलंस. त्या बाळाला काही झालं असतं तर मी कुठल्या तोंडाने जगले असते? मला कळतं ते. पण शाबास म्हणायला मला अजून जड जातंय, रॉडी. थोडा वेळ जाऊ दे."

मी म्हटलं, हवा तेवढा घ्या.

तूही घे. फोन केलास तर आज उचलेन. नाही केलास तरी मी घरीच आहे, आता कुठे जायचं नसतं.

तुझा, आधी भित्रा आणि मग लबाड झालेला भाऊ,
रॉडी